नवजात बाळाच्या मेंदूच्या आणि नसांच्या तपासण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नवजात बाळांच्या फॉलो-अप ओपीडीत मी बालविकासतज्ज्ञ म्हणून काम करते. ओपीडी दोनला संपते, प्रश्न मात्र रात्री अकरापर्यंत फोनवर येत राहतात आणि त्यातले निम्मे कालचेच असतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. प्रश्न पालकांच्याच शब्दांत ठेवलेत, नावंगावं तेवढी काढली आहेत.

एक आधीच सांगते. बाळ निळं पडत असेल, दूध ओढायचं थांबलं असेल किंवा उठवूनही उठत नसेल, तर हे वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा.

१. डिस्चार्ज कार्डवर नुसतं ‘न्यूरो : नॉर्मल’ लिहिलंय. डॉक्टरांनी दोन मिनिटं बाळाला हलवून पाहिलं, त्यात काय कळलं असेल?

बरंच कळतं, फक्त बाळ योग्य वेळी हाती लागायला हवं. पोटभर पिऊन गाढ झोपलेलं बाळ सैलच लागणार आणि भुकेनं रडणारं ताठच लागणार. दोन दुधांच्या मधली, जागं पण शांत असतानाची वेळ साधावी लागते.

आधी हात न लावता नुसतं बघायचं. पूर्ण दिवसांचं बाळ उताणं ठेवलं तरी हातपाय पोटाशी दुमडून घेतं. दोन्ही बाजू सारख्या हलतात का, मुठी अधूनमधून उघडतात का, आवाजाकडे लक्ष जातं का, हे पाहायचं. मग स्नायूंचा ताण. बाळाचा हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे न्यायचा, आपण पदर ओढून घेतो तसा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं कोपर छातीच्या मध्याशी अडतं, कमी दिवसांच्या बाळाचं सहज पलीकडे जातं. त्यानंतर उपजत प्रतिक्रिया: गालाला बोट लागलं की तोंड तिकडे वळवणं, चोखणं, तळहातावर बोट टेकलं की ते घट्ट धरणं. शेवटी डोक्याचा घेर, टाळू आणि पाठीचा कणा. कण्यावर केसांचा पुंजका किंवा खोल खळगी असेल तर पुढे तपासणी लागते.

उभं धरून तळवे टेकवले की बाळ पावलं टाकतं. हे पाहून आज्या फार खूश होतात, ‘लवकर चालणार बरं का!’ त्याचा लवकर चालण्याशी काही संबंध नाही. ही प्रतिक्रिया दोनेक महिन्यांत जाते आणि ती जायलाच हवी.

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी जाणाऱ्या बाळांची तपासणी जास्त सविस्तर असते. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात तयार झालेला ३४ बाबींचा तक्ता त्यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्याला पंधराएक मिनिटं लागतात आणि सुई-बिई काही नसते.

२. बाळ झोपेत एकदम दोन्ही हात फेकून दचकतं आणि रडतं. सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीय. काय करू?

दृष्ट काढायला माझी हरकत नाही, फक्त मिरच्यांचा धूर बाळाच्या नाकात जाऊ देऊ नका. हे दचकणं म्हणजे मोरो प्रतिक्रिया. डोकं किंचित मागे गेलं, दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली, की हात बाहेर फेकले जातात, बोटं पसरतात आणि मग हात मिठी मारल्यासारखे जवळ येतात. एर्न्स्ट मोरो या डॉक्टरांनी १९१८ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

दचकतं म्हणून घाबरू नका. लक्ष ठेवायचं ते तीन गोष्टींवर: अजिबात न दचकणं, एकाच बाजूचा हात उडणं (प्रश्न ११ पाहा) आणि सहा महिने उलटून गेल्यावरही दचकणं तसंच राहणं. बाळाला कुंचीत गुंडाळलं तर दचकणं कमी होतं. कंबरेखाली मात्र सैल गुंडाळा, खुब्याचे सांधे मोकळे हलायला हवेत.

३. हनुवटी आणि हातपाय थरथरतात. हे झटके आहेत का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. घरी एक गोष्ट करून पाहता येते. थरथरणारा हात आपल्या हातात हलकेच धरा, कोपरात दुमडा. थरथर थांबली, बाळाची नजर नेहमीसारखी असली, तर ती साधी थरथर. झटका असा धरून थांबत नाही, हाताखालीही ठोके जाणवत राहतात. तरी थरथर फार वाढली असेल किंवा बाळ नीट पीत नसेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर आणि कॅल्शियम तपासून घ्या. साखर उतरल्याचं पहिलं लक्षण कधीकधी हेच असतं.

फक्त झोपेत हातपाय उडतात आणि जागं केलं की लगेच थांबतात, असा एक निरुपद्रवी प्रकार आहे. तो काही महिन्यांत आपोआप जातो.

अडचण अशी की नवजात बाळाचा खरा झटका मोठ्यांच्या आकडीसारखा दिसत नाही. नजर एका बाजूला खिळते, पापण्या फडफडतात, चोखण्यासारख्या तोंडाच्या हालचाली होत राहतात, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, श्वास थांबून रंग बदलतो. कधी एवढंच असतं. अशा वेळी बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत वेळ घालवू नका. एकानं बाळाकडे पाहावं, दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा आणि लगेच निघावं. ‘असं असं करत होता’ या वर्णनापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ आम्हाला जास्त सांगतो.

आणि कापूर. सर्दीसाठी पुरचुंडी उशाशी ठेवतात, छातीला कापूरतेल चोळतात. कापरानं तान्ह्या बाळाला खरोखरच झटके येऊ शकतात. घरात असेल तर देवघरात राहू द्या.

४. अपगार ५ होता. पुढे बुद्धीवर परिणाम होईल का?

या एका आकड्यावरून ते सांगता येत नाही, आणि तो त्यासाठी काढलेलाही नाही. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ होत्या. जन्मल्याबरोबर बाळाकडे नीट पाहिलं जावं म्हणून त्यांनी ही पद्धत काढली आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. रंग, हृदयाचे ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास यांना प्रत्येकी ० ते २ गुण, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. पहिल्या मिनिटाला ५ आणि पाचव्याला ८, हे तर नेहमीचंच. पाचव्या मिनिटालाही ७ च्या खाली असेल तर दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजतात. कार्डवर दोन्ही आकडे असतात. पालक पहिलाच वाचून रात्रभर जागतात.

५. टाळू उडते, कधी खोल वाटते. तेल घालून भरायची का?

टाळू ‘भरत’ नाही, हाडं वाढून मिटते, साधारण ९ ते १८ महिन्यांत. खालच्या रक्तवाहिन्यांमुळे ती ठोक्यानिशी उडते. रडताना फुगते, तेही ठीक. शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगून टणक लागली तर त्याच दिवशी दाखवा. खोल गेली असेल आणि लघवी कमी झाली असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय. तेलानं टाळूला नफा-नुकसान काही नाही, जोरात दाबू नका एवढंच.

मेंदूची वाढ कळते ती डोक्याच्या घेरावरून. पहिले तीन महिने महिन्याला सुमारे २ सेंटीमीटर, पुढचे तीन महिने १ आणि मग वर्षापर्यंत अर्धा सेंटीमीटर. ही पाच रुपयांची टेपपट्टीची तपासणी आहे आणि नेमकी हीच लसीकरणाच्या रांगेत राहून जाते. मागून घ्या.

६. कानाच्या तपासणीत ‘रेफर’ आलं. पण ताट वाजवलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं ना?

‘रेफर’ म्हणजे बहिरेपणा नव्हे, ‘पुन्हा तपासा’. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी आणि जन्मावेळचा पांढरा थर अडकलेला असतो, त्यामुळे बरीच बाळं पहिल्या खेपेस अडतात.

ताट वाजवणं ही मात्र तपासणी नव्हे. ताटाचा आवाज मोठा असतो, शिवाय हवेचा झोत आणि पलंगाचा हादराही बाळाला कळतो. एकाच कानाचा किंवा मध्यम दोष त्यात सापडत नाही.

खऱ्या तपासण्या दोन. ओएईमध्ये कानात मऊ बूच ठेवून बारीक टकटक आवाज सोडतात. आतल्या शंखातल्या पेशी निरोगी असतील तर त्यांचा प्रतिध्वनी परत येतो. ही तपासणी कानापुरती. बेरामध्ये कपाळाला आणि कानामागे पट्ट्या लावून, आवाज नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते पाहतात. ओएई पास आणि बेरा नापास, असंही होतं: कान चांगला, पण नस संदेश नीट नेत नाही. कावीळ फार वाढलेल्या किंवा एनआयसीयूत राहिलेल्या बाळांमध्ये हे जास्त दिसतं. म्हणून पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत असलेल्या बाळाला नुसत्या ओएईवर घरी पाठवू नये, बेरा मागावी.

१-३-६ एवढं लक्षात ठेवा: पहिली तपासणी १ महिन्याच्या आत, पक्कं निदान ३ महिन्यांच्या आत, श्रवणयंत्र वा इतर उपचार ६ महिन्यांच्या आत. ‘बारसं होऊ दे, मग बघू’ इथपर्यंत ठीक. ‘बोलायला लागेल तेव्हा बघू’ याची किंमत मूल मोजतं.

७. ईईजीमध्ये बाळाला शॉक देतात का? गुंगीचं औषध लागतं का?

नाही. ईईजीचं यंत्र मेंदूतली वीज फक्त टिपतं, आत काही सोडत नाही. बहुतेक नवजात बाळांना औषधही लागत नाही, दूध पाजून झोपवलं की काम होतं.

खरी अडचण तेलाची. आदल्या दिवशी मालीशवाल्या मावशींनी डोकं तेलानं चोपडलेलं असतं, मग पट्ट्या चिकटत नाहीत आणि तारीख वाया जाते. आदल्या रात्री आणि सकाळी डोकं धुवा, तेल नको. दुसरी अडचण रिक्षाची. स्वारगेटहून निघालेलं बाळ डेक्कनपर्यंत गाढ झोपतं आणि तपासणीच्या वेळी टक्क जागं असतं. वाटेत जागं ठेवा, पाजणं केंद्रावर पोचल्यावर.

८. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, तिन्ही कशाला?

तिन्ही लागत नाहीत. टाळू उघडी असते, त्या खिडकीतून सोनोग्राफी होते. पलंगाशीच होते, किरणोत्सर्ग नाही, रोज केली तरी चालते. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना ती पहिल्या आठवड्यात आणि पुढे पुन्हा करतात. रक्तस्राव आणि पाणी साठणं तिच्यात छान दिसतं. एमआरआय बारकावे दाखवतो. दूध पाजून, घट्ट गुंडाळून, कानाला संरक्षण लावून बरीच बाळं त्यात भुलीशिवाय झोपतात. सीटीत किरणोत्सर्ग असतो, म्हणून तो तातडीच्या प्रसंगापुरता.

९. जन्मल्यावर बाळ रडलं नाही. तीन दिवस थंड करून ठेवलं होतं. आता मेंदू ठीक आहे हे कशावरून कळणार?

जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांच्या बाळाचं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर ७२ तास ठेवतात. हे पहिल्या ६ तासांत सुरू व्हावं लागतं. तालुक्याहून पुण्याला यायलाच पाच तास लागले तर संधी जवळपास गेलेलीच असते, हे दुःख आम्ही पाहतो.

उत्तर एका कागदात मिळत नाही. बाळ किती दिवसांत स्वतः दूध ओढायला लागलं, ईईजीतली लय सुधारली का, पहिल्या आठवड्याच्या सुमारास केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूचे खोल भाग कसे दिसतात आणि घरी जाताना तपासणी कशी होती, हे चारही एकत्र वाचायचं. सौम्य त्रास झालेली बहुतेक बाळं पुढे चांगली वाढतात. पुढची मोठी पायरी प्रश्न १३ मध्ये.

१०. कावीळ मेंदूत जाते म्हणतात. कोवळं ऊन पुरे का?

पुरे नाही. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, फार वाढलं तर ते मेंदूत उतरतं आणि कानाच्या नसेला विशेष बाधतं. पहिल्या २४ तासांत दिसलेली, किंवा तळहात-तळव्यांपर्यंत उतरलेली कावीळ थांबून पाहायची नसते. बाळ मलूल, नीट ओढत नाही, किंचाळून रडतं, पाठ कमानीसारखी मागे ताणतं, ही धोक्याची घंटा.

इथे एक ट्रंकेतली गोष्ट. पहिलं झबलं जुन्या कपड्याचं घालतात, ते ट्रंकेतून डांबरगोळ्यांच्या वासासकट निघतं. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासानं फुटतात आणि कावीळ एकदम चढते. जुने कपडे धुऊन, दोन दिवस उन्हात घालून मगच वापरा. त्याहून बरं म्हणजे डांबरगोळ्यांतले वापरूच नका.

११. डावा हात जन्मल्यापासून लोंबतो. मालीश करून बरा होईल का?

मोठं बाळ, अडलेले खांदे, ओढाताण: यात मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. आधी गळपट्टीचं हाड मोडलं नाही ना ते पाहतात. नसांचा त्रास असेल तर बहुतेक बाळं सुधारतात, पण ओढून मालीश करू नका. व्यायाम थेरपिस्टकडून शिकून घ्या. तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर दुमडायला लागलं का, यावर पुढचा निर्णय ठरतो, म्हणून ती तारीख चुकवू नका.

नस तपासणीत म्हणजे एनसीव्हीत मात्र हलके विजेचे टोचे देतात, बाळ रडतं. एक सावधगिरी: नवजात बाळाच्या नसेचा वेग मोठ्यांच्या जवळजवळ निम्माच असतो, कारण नसेवरचं आवरण अजून तयार होत असतं. मोठ्यांच्या आकड्यांशी ताडून ‘स्लो’ असा शेरा मारलेला रिपोर्ट माझ्यासमोर आलाय. ते घर आठ दिवस जेवलं नव्हतं.

१२. बाळ फार सैल आहे, उचललं की हातातून निसटतं असं वाटतं.

‘निसटतं’ हा शब्दच आम्हाला पुरतो, लगेच दाखवा. कारण मेंदूत असू शकतं, थायरॉइडमध्ये, नसेत किंवा स्नायूत. चेहरा तरतरीत, नजर हुशार, पण पाय हलत नाहीत आणि श्वासाला पोट खालीवर होतं, असं असेल तर एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या जन्मजात आजाराची जनुकीय रक्ततपासणी करतात. त्यावर आता औषधं आहेत आणि लक्षणं वाढायच्या आत दिली तर जास्त उपयोगी पडतात.

थायरॉइडसाठी टाचेतून रक्ताचे थेंब घेतात, शक्यतो ४८ तासांनंतर. जन्मताच टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, उसळलेलं असतं, त्यामुळे फार लवकर घेतलं तर उगाच जास्त येतं. दोष निघाला आणि गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, तर मेंदूचं नुकसान टळतं. आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, विचारून घ्या.

आणि मध. जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीनं चाटवतात. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. त्यांचं विष नसेचा स्नायूला जाणारा निरोपच तोडतं: आधी शी थांबते, मग रडणं क्षीण होतं, मग मान टाकतं. क्वचित होतं, पण वर्षाच्या आत मध नकोच.

१३. तिसऱ्या महिन्यात व्हिडिओ काढून पाठवा म्हणालात. व्हिडिओवरून काय कळणार?

माझी सगळ्यात आवडती तपासणी. हाइन्झ प्रेख्टल या संशोधक डॉक्टरांनी ती रुजवली. साधारण तीन ते चार महिन्यांच्या बाळाच्या मानेत, खांद्यांत, मनगटांत, घोट्यांत सतत बारीक, गोलसर, सगळ्या दिशांच्या हालचाली चालू असतात. भाताला रटरट कढ येतो ना, तशा. त्या दिसल्या तर मोठा दिलासा. मुळीच नसल्या तर सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत राहणाऱ्या दोषाचा, धोका बराच वाढतो आणि आम्ही वाट न बघता थेरपी सुरू करतो.

व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा हवा. बाळ उताणं, अंगावर फक्त लंगोट, जागं, न रडणारं. चेहरा आणि चारही हातपाय चौकटीत, मोबाईल स्थिर. खुळखुळा नको, तोंडात चोखणी नको, ‘इकडे बघ सोन्या’ पण नको. बाळ खेळण्याकडे बघायला लागलं की त्या हालचाली लपतात. दहातले सहा व्हिडिओ आत्यांच्या टाळ्यांमुळे परत काढावे लागतात. वय मात्र दुरुस्त धरायचं, ते पुढच्या प्रश्नात.

१४. सातव्या महिन्यात झाला, महिनाभर काचेत होता. आता पाच महिन्यांचा आहे, पण मान तेवढी धरत नाही.

३२ आठवड्यांना जन्मला असेल तर तो आठ आठवडे आधी आला. पाच महिन्यांतून ते वजा केले की वय तीन महिने. मान त्या हिशेबानं बघायची. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. लसी मात्र खऱ्या जन्मतारखेप्रमाणे. वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा दिवस ३४ आठवड्यांपेक्षा कमी असतील तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ३० दिवसांच्या आत झालीय ना, तेही बघा. अगदी लहान बाळांची त्याहून आधी करतात.

अशा बाळांचं पुढे काय होतं, याचं उत्तर आपल्या गावातच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या २००० ग्रॅमखालच्या बाळांचा तिथल्या डॉक्टरांनी १८ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत होता, पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी. दिवसही कमी आणि दिवसांच्या मानानं वजनही कमी, अशी मुलं सगळ्यात मागे राहिली. म्हणून मी ‘काही होत नाही’ही म्हणत नाही आणि घाबरवतही नाही.

१५. बाळंतपणाला माहेरी आलेय, गाव लांब आहे. पुण्याला दर वेळी यायलाच हवं का?

नाही. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना कार्ड दाखवा, दूध ओढण्याबद्दल आणि सैलपणाबद्दल सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी असते आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. शहरात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही दाखवता येतं. कुठेही जा, डिस्चार्ज कार्डाची प्रत मोबाईलमध्ये ठेवा.

१६. सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, तरी तीन-तीन महिन्यांनी का बोलावता?

कारण काही गोष्टी वय झाल्याशिवाय दिसतच नाहीत. एका बाळाला मी चौथ्या महिन्यात नॉर्मल लिहिलं होतं. उठताना आजी म्हणाल्या, “झबलं घालताना ह्याची उजवी बाही चढत नाही हो, हात कडक लागतो.” मी हात परत हलवून पाहिला, मला तो ठीक वाटला. दोन महिन्यांनी उजवी मूठ मिटलेलीच होती आणि बाळ सगळं डाव्या हातानं घेत होतं. आजी दिवसातून चार वेळा ती बाही चढवत होत्या, मी एकदा पाहिलं होतं. वर्षाच्या आत ‘डावखुरा आहे’ असं वाटलं तर कौतुक करू नका, दाखवा. हल्ली मी कार्डावर एक ओळ वेगळी ठेवते: बाळाला अंघोळ कोण घालतं, आणि त्यांना काय वाटतं.

१७. एमआरआयमध्ये डाग आहे, पण बाळ हसतं, बघतं, मान धरतं. कुणाचं खरं?

दोन्ही खरं. एमआरआय जागा दाखवतो, बाळ काम दाखवतं. डाग हालचालीच्या मार्गावर आहे की बाजूला, एका बाजूला आहे की दोन्ही, यावर बरंच अवलंबून असतं. उलटही होतं: चित्र स्वच्छ आणि बाळ मागे. मतभेद असेल तर मी बाळाच्या बाजूनं कौल देते, पण तारखा जवळच्या ठेवते. व्हिडिओ, हातानं तपासणी आणि पुढे बडोद्याच्या मापनांवर बेतलेली, आपल्याकडच्या मुलांसाठीची विकास चाचणी, असं ओळीनं होतं. थेरपी तोवर चालूच असते. येताना एमआरआयची सीडी आणा, नुसता कागद नको. कागदावर दुसऱ्यानं काय पाहिलं ते असतं.